मॉडेल गोठवले, निरीक्षणे कशी गोठवणार?

१९८३ च्या जुलैतल्या एखाद्या दुपारी अरबी समुद्राच्या मध्यावर, ८५० हेक्टोपास्कलच्या पातळीला (सुमारे दीड किलोमीटर उंचीवर) वारा किती होता, हे आज पुण्यात बसून कोणालाही काही मिनिटांत काढता येते. ‘ईआरए५’ या युरोपीय हवामान केंद्राच्या रिअ‍ॅनालिसिसमध्ये, म्हणजे जुन्या निरीक्षणांच्या पुनर्विश्लेषणात, तासातासाचे आकडे आहेत. त्या जागी त्या तासाला वारा बहुधा कोणीही मोजला नव्हता. तो आकडा हवामान मॉडेल आणि इकडून तिकडून आलेली निरीक्षणे यांच्या तडजोडीतून निघतो. एका दिवसाच्या नकाशासाठी ही तडजोड उत्तम चालते. चाळीस वर्षांचा कल काढायला बसलो की मात्र तिच्यातले सांधे दिसू लागतात, आणि बहुतेक सांधे उपग्रहांचे असतात.

मूळ अडचण उपग्रहांची नव्हती. हवामान केंद्रे रोजच्या अंदाजासाठी वातावरणाचे विश्लेषण करत आणि ते जपूनही ठेवत. पण मॉडेल दर काही महिन्यांनी बदले आणि प्रत्येक बदलाबरोबर जपलेल्या आकड्यांत एक पायरी पडे. हवामान बदलले की मॉडेल, हे वेगळे काढता येईना. १९८८ मध्ये बेंग्ट्सन आणि जगदीश शुक्ला यांनी, तसेच ट्रेनबर्थ आणि ओल्सन यांनी स्वतंत्रपणे सुचवले की एकच मॉडेल आणि एकच पद्धत पक्की करावी, ती गोठवावी आणि जुनी निरीक्षणे पहिल्यापासून तिच्यातून पुन्हा चालवावीत. डिसेंबर १९७८ ते नोव्हेंबर १९७९ या काळातला पहिला मोठा जागतिक निरीक्षण प्रयोग हाताशी होता. त्या वर्षी हिंदी महासागराच्या डोक्यावर भूस्थिर उपग्रह नव्हता, म्हणून अमेरिकेचा ‘गोज-१’ तिकडे सरकवला होता.

१९९६ मध्ये एनसीईपी-एनकार या अमेरिकी संस्थांच्या रिअ‍ॅनालिसिसचा शोधनिबंध आला. ग्रिड, म्हणजे हिशेबाच्या चौकटींचे जाळे, सुमारे २१० किलोमीटरचे, उभ्या दिशेने २८ थर. दक्षिण गोलार्धाच्या समुद्रांवर निरीक्षणे नगण्य, म्हणून ऑस्ट्रेलियातले विश्लेषक उपग्रहाची ढगचित्रे पाहून समुद्रसपाटीच्या दाबाचे अंदाज हाताने बांधत; तेही या प्रणालीत घातले जात. १९७९ ते १९९२ या काळातले हे अंदाज चुकून १८० रेखांश सरकवून घातले गेले, म्हणजे थेट पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला. पुढच्या आवृत्तीत चूक दुरुस्त झाली. मॉडेल गोठवताना त्यातली चूकही गोठते, ती अशी.

आता उपग्रह मुळात काय मोजतो ते पाहू. १३ ऑक्टोबर १९७८ ला ‘टायरॉस-एन’ सुटला. त्यावर अवरक्त किरणांचा हर्स, सूक्ष्मतरंगांचा एमएसयू आणि स्थितांबरासाठीचा (सुमारे दहा-पंधरा किलोमीटरच्या वरच्या थरासाठीचा) एसएसयू अशी तीन उपकरणे होती. रिअ‍ॅनालिसिसवाले १९७९ पासूनच्या काळाला ‘उपग्रहयुग’ म्हणतात ते याच संचामुळे. एमएसयूला चार चॅनेल होते: ५०.३०, ५३.७४, ५४.९६ आणि ५७.९५ गिगाहर्ट्‌झ. या पट्ट्यात ऑक्सिजन सूक्ष्मतरंग उत्सर्जित करतो. पट्ट्याच्या मध्याकडे शोषण जास्त, त्यामुळे तिथे वरच्या हवेचा संकेत येतो. कडेला खालच्या हवेचा. दुसरा चॅनेल तपांबराच्या (जमिनीलगतच्या सर्वांत खालच्या थराच्या) मध्यावर, तिसरा तपस्तब्धीच्या (तपांबर-स्थितांबराच्या सीमेच्या) आसपास, चौथा खालच्या स्थितांबरावर रोखलेला. यातला एकही आकडा एखाद्या उंचीचे तापमान नसतो. तो कित्येक किलोमीटर जाड थराची भारित सरासरी असतो.

सुरुवातीला या प्रारणांवरून (उपग्रहाने मोजलेल्या किरणांच्या तीव्रतेवरून) तापमानाचा उभा आलेख आधी काढून मगच तो मॉडेलला देत. त्या आलेखात काढणाऱ्याची गृहीतके शिरत. पुढे उलटा मार्ग धरला: मॉडेलमधल्या हवेच्या स्तंभावरून ‘उपग्रहाला काय दिसले असते’ हे प्रारण-संक्रमणाच्या गणिताने काढायचे, प्रत्यक्ष मोजलेल्या आकड्याशी ताडून पाहायचे आणि फरकानुसार मॉडेलला हलवायचे. ‘ईआरए५’ च्या आधीच्या ‘ईआरए-४०’ मध्ये १९७० च्या दशकातल्या उपकरणांपासूनची प्रारणे अशी थेट वापरली.

गोम अशी की आपण शोधतो तो कल दशकाला एखाद-दोन दशांश अंशांचा असतो आणि दोन उपग्रहांच्या मोजणीतला फरक सहज त्याच्या कैकपट भरतो. शिवाय उपग्रह जागेवर राहत नाहीत. दुपारी दोनच्या सुमारास विषुववृत्त ओलांडणारा उपग्रह काही वर्षांत संध्याकाळकडे सरकतो आणि दिवसाची ऊब-थंडी कलात मिसळते. कक्षाही हळूहळू खाली येते. वेन्ट्झ आणि शाबेल यांनी १९९८ मध्ये दाखवले की केवळ ही घसरण हिशेबात धरली तर एमएसयूवरून काढलेला खालच्या तपांबराचा कल दशकाला उणे ०.०५ वरून अधिक ०.०७ अंशांवर जातो. २००५ मध्ये मीअर्स आणि वेन्ट्झ यांनी दाखवले की अलाबामा विद्यापीठाने एमएसयूवरून काढलेल्या तापमानाच्या मालिकेत दिवसाच्या वेळेमुळे करायच्या दुरुस्तीचे चिन्हच उलटे लागले होते.

एसएसयूची कथा आणखी मजेशीर. त्याच्यात कार्बन डायऑक्साइडने भरलेली छोटी कुपी असे आणि उपकरण किती उंचीवरची हवा पाहणार हे तिच्यातल्या दाबावर ठरे. कुपीतून वायू गळू लागला, दाब घटला, आणि उपकरणाची नजर हळूहळू वर सरकली. बाहेर वातावरणातला तोच वायू वाढत होता, त्यानेही नजर वर जाते. दोन्ही परिणाम गणितात घेतल्याशिवाय तो आकडा कलासाठी निरुपयोगी.

रिअ‍ॅनालिसिसमधले फटके याच जातीचे. १९८६ च्या अखेरीस ‘टायरॉस-एन’ च्याच मालिकेतल्या ‘नोआ-९’ वरच्या एमएसयूच्या तिसऱ्या चॅनेलची मोजणी सरकली आणि ‘ईआरए-४०’ च्याही आधीच्या ‘ईआरए-१५’ मध्ये उष्णकटिबंधाच्या तापमानात व बाष्पात खोटी पायरी पडली. जून १९९१ मध्ये पिनाटुबो ज्वालामुखी फुटला. त्याच्या धुळीने हर्सची प्रारणे बिघडली, पण दुरुस्तीचे गुणांक पूर्वीचेच राहिले. मग ‘ईआरए-४०’ ने उष्णकटिबंधाच्या समुद्रांवर जास्तीचा पाऊस पाडला. १९९८ मध्ये ‘नोआ-१५’ वर एमएसयूचा वारस एएमएसयू आला, पंधरा चॅनेलचा, एमएसयूपेक्षा कितीतरी सरस. तरीही त्याच्या आगमनाने नासाच्या ‘मेरा’ रिअ‍ॅनालिसिसच्या जलचक्रात उडी आली. चांगले उपकरणही मालिका मोडते.

यावरचा तोडगा ‘ईआरए-४०’ नंतरच्या ‘ईआरए-इंटरिम’ मध्ये स्थिरावला. प्रत्येक उपग्रहाच्या प्रत्येक चॅनेलची चूक काही मोजक्या घटकांच्या बेरजेत मांडायची: एक स्थिरांक, हवेच्या थरांची जाडी, नजरेचा कोन. त्यांचे गुणांक विश्लेषणाबरोबरच दर बारा तासांनी नव्याने काढायचे. पिनाटुबोसारखा धक्का आला की दुरुस्ती आपोआप जुळवून घेते. धोका एवढाच की चूक मॉडेलची असली तरी ती उपग्रहाच्या माथी मारली जाऊ शकते. म्हणून काही निरीक्षणे दुरुस्तीविना ठेवावी लागतात, नांगरासारखी. एक नांगर रेडिओसोंड फुग्यांचा, म्हणजे वर जाताना हवा मोजून आकडे रेडिओने पाठवणाऱ्या फुग्यांचा. दुसरा जीपीएसच्या लहरी वातावरणातून जाताना किती वाकतात त्याचा. ही मोजणी घड्याळावर चालते, त्यामुळे तिची झीज होत नाही. एप्रिल २००६ मध्ये ‘कॉस्मिक’चे सहा उपग्रह सुटल्यावर ही मोजमापे मुबलक झाली. त्याआधीच्या वरच्या स्थितांबराबाबत मी तरी हात राखूनच बोलेन: तिथे एसएसयूचा तिसरा चॅनेल आणि पुढे एएमएसयूचा चौदावा यांनाच नांगर मानले होते, आणि १९९८ मध्ये एकाकडून दुसऱ्याकडे जाताना ‘ईआरए-इंटरिम’ च्या तापमानात पायरी आलीच.

‘ईआरए५’ मध्ये ग्रिड ३१ किलोमीटरचे, थर १३७, आणि अनिश्चितता मोजायला त्याच विश्लेषणाच्या, जाडसर ग्रिडवरच्या दहा आवृत्त्यांचा संच. १९७९ मध्ये दिवसाला सरासरी साडेसात लाख निरीक्षणे आत जात. २०१८ च्या अखेरीस हा आकडा सुमारे २ कोटी ४० लाखांवर गेला. एवढे करूनही २००० ते २००६ या वर्षांत खालचे स्थितांबर वाजवीपेक्षा थंड निघाले आणि तेवढ्या तुकड्यासाठी ‘ईआरए५.१’ वेगळे काढावे लागले. स्थितांबरावर काम करताना तोच तुकडा घ्यावा.

आपल्या बाजूच्या समुद्रावर आणखी एक सांधा आहे. इन्सॅटची विदा (डेटा) बाहेरच्या केंद्रांना बराच काळ सहज मिळत नसे. १९९८ मध्ये युरोपचा ‘मेटिओसॅट-५’ पूर्व रेखांश ६३ वर आणल्यावर हिंदी महासागरावरचे ढगांच्या सरकण्यावरून काढलेले वारे जागतिक प्रणालींना नियमित मिळू लागले. १९९८ च्या अलीकडच्या-पलीकडच्या मान्सून वाऱ्यांची तुलना करणाऱ्याने हे साल वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे. नोएडाच्या राष्ट्रीय मध्यम पल्ला हवामान अंदाज केंद्राने ब्रिटनच्या हवामान खात्यासोबत केलेले ‘इम्डा’ हे प्रादेशिक रिअ‍ॅनालिसिस १९७९ पासूनचे, १२ किलोमीटर ग्रिडचे आहे.

सह्याद्रीच्या पावसासाठी ग्रिडचा हा फरक कळीचा ठरतो. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, घाट उतरून वाईला त्याचा लहानसा हिस्सा. ३१ किलोमीटरच्या चौकटीत दोघे जवळजवळ एकत्रच येतात. त्यातही ‘ईआरए५’ चा पाऊस हा मॉडेलच्या अल्पकालीन अंदाजातून आलेला असतो, पर्जन्यमापकातून नव्हे. अपवाद अमेरिकेचा: तिथे २००९ पासून रडार आणि पर्जन्यमापक यांची एकत्रित विदा थेट घेतली जाते.