फॉर्मलिन की स्पिरिट? बरणीत दोन्ही सारखीच दिसतात

मागच्या उन्हाळ्यात आमच्या बडोद्याच्या कॉलेजच्या झूलॉजी म्युझियममधल्या जुन्या बरण्या तपासायला घेतल्या तेव्हा पहिलाच प्रश्न हा आला की ह्या बरणीत नक्की काय आहे, फॉर्मलिन की स्पिरिट (म्हणजे पाणी मिसळलेलं अल्कोहोल), आणि तिथे उभ्या असलेल्या पाच जणांपैकी एकालाही खात्रीने सांगता येईना. दोन्ही पाण्यासारखी, दोन्ही वर्षानुवर्षं राहिली की पिवळट पडतात, दोन्हींत बेडूक तसाच पाय पसरून. बाहेरच्या लेबलवर प्राण्याचं नाव, बाकी काही नाही. "फॉर्मलिनच असणार, अजून काय असणार" असं एक जण म्हणाला, आणि बडोद्यात बहुतेक ठिकाणी हेच उत्तर मिळतं, कारण आपल्याकडे बरणीतल्या कुठल्याही प्राण्याला सरसकट "फॉर्मलिनमध्ये ठेवलाय" म्हणायची सवय आहे.

पण ही दोन कामंच वेगळी आहेत. फॉर्मलिन प्राणी पक्का करतं, स्पिरिट तो पक्का केलेला प्राणी सांभाळतं. एकाच्या जागी दुसरं वापरलं तर स्पेसिमेन, म्हणजे जपून ठेवलेला नमुना, लगेच खराब होत नाही, वीस-तीस वर्षांनी होतो, आणि तोपर्यंत ठेवणारा माणूस रिटायर झालेला असतो, म्हणून ही चूक कोणाला कधी शिकवून जातच नाही.

आधी पक्कं करणं म्हणजे काय ते बघू. प्राणी मेला की त्याच्याच शरीरातली एन्झाइम्स त्याला आतून विरघळवायला लागतात, बॅक्टेरिया नंतर येतात. फॉर्मलिनमधलं फॉर्मल्डिहाइड प्रोटीनच्या रेणूंमध्ये शिरून त्यांना एकमेकांशी बांधून टाकतं आणि ती सगळी यंत्रणा तिथेच थांबते. अंडं उकडल्यावर पांढरं घट्ट होतं आणि परत पातळ होत नाही, साधारण तशातला प्रकार, फक्त उष्णतेशिवाय. हे काम वरवर होऊन चालत नाही. मोठा मासा किंवा साप नुसता बुडवला तर बाहेरून लाकडासारखा टणक आणि पोटात सडलेला निघतो, म्हणून पोटाला चीर द्यायची किंवा सुईने आत फॉर्मलिन सोडायचं, आणि प्राण्याच्या दहापट तरी द्रव घ्यायचा.

स्पिरिट असं काही बांधत नाही. ते पाणी ओढून घेतं. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की पाणी सुटतं आणि मग फोडी टिकतात, तसंच. पाणी गेलं की बॅक्टेरियाला जगायला काही उरत नाही. म्हणून तर ९५ टक्क्यांचं कडक स्पिरिट वापरायचं नाही, प्राणी आक्रसून सुरकुततो, बोटं, शेपूट, मिशा कटकन मोडतात. ७० टक्के बरोबर. ५० च्या खाली गेलं की भरवसा संपला.

फॉर्मल्डिहाइडने ऊती टणक होतात हे लक्षात आलं १८९३ साली, फ्रँकफर्टच्या फर्डिनांड ब्लुमने ते जंतुनाशक म्हणून तपासताना स्वतःच्या बोटांची कातडी ताठ झालेली बघितली. आपल्या बडोद्याच्या कमाटीबागेतल्या म्युझियमची इमारत पूर्ण झाली १८९४ मध्ये, म्हणजे सयाजीरावांनी म्युझियम बांधलं तेव्हा फॉर्मलिन हा अगदी ताजा शोध होता. त्याच्या आधी सव्वादोनशे वर्षं, १६६० च्या दशकापासून, जगभर सगळं स्पिरिटमध्येच ठेवलं जायचं.

आता टक्क्यांचा घोळ, कारण निम्म्या चुका इथे होतात. बाटलीत येतं ते फॉर्मलिन म्हणजे पाण्यात साधारण ३७ टक्के फॉर्मल्डिहाइड, पण त्यालाच १०० टक्के फॉर्मलिन धरायचं. त्याचा एक भाग आणि नऊ भाग पाणी म्हणजे १० टक्के फॉर्मलिन, ज्यात खरं फॉर्मल्डिहाइड चारच्या आसपास असतं. एका मुलीने ३७ चा भागाकार करून दहा टक्के काढलं होतं, गणित बरोबर होतं पण द्रव जवळजवळ पावणेतीनपट कडक झाला. स्पिरिटचं सोपं आहे, ९५ टक्क्यांचं ७० मिली घ्या आणि डिस्टिल्ड वॉटर घालून ९५ मिलीपर्यंत न्या, झालं ७० टक्के.

फॉर्मलिनमध्ये कायम ठेवलं तर काय बिघडतं? अॅसिड. फॉर्मल्डिहाइडचं हळूहळू फॉर्मिक अॅसिड होत जातं आणि ते कॅल्शियम खातं. शंख-शिंपले, खेकड्याचं कवच, माशाच्या कानातले बारीक खडे, कोवळी हाडं, सगळं. आमच्याकडे कच्छच्या आखातातल्या पिरोटन बेटाच्या खडकांवरून आणलेल्या शिंपल्यांची एक बरणी आहे, आतली चिठ्ठी १९७१ ची. चिमट्याने एक शिंपला उचलला तर तो वाकला. म्हणजे शिंपल्याचा आकार होता, रेघा होत्या, पण चुना गेलेला आणि उरलेला पापुद्रा भिजलेल्या कागदासारखा मऊ. मी तो परत ठेवला आणि थोडा वेळ काहीच बोलले नाही, कारण पिरोटन १९८२ पासून मरीन नॅशनल पार्कमध्ये आहे, तिथून आता कोणी टोपली भरून काही आणणार नाही, आणणं योग्यही नाही. त्यात युजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, २०१४ साली डिसेक्शन बंद करायला सांगितल्यापासून नवे प्राणी येणंही थांबलं, तेव्हा जे आहे तेवढंच आहे.

फॉर्मलिन वापरायचंच असेल तर बफर, म्हणजे द्रव अॅसिडिक होऊ न देणारे क्षार, घालून, लिटरमागे मोनोबेसिक सोडियम फॉस्फेट ४ ग्रॅम आणि डायबेसिक साडेसहा ग्रॅम. पूर्वी बोरॅक्स टाकायचे, त्याने अॅसिड मरतं पण मांस हळूहळू काचेसारखं पारदर्शक व्हायला लागतं, म्हणून कायमसाठी ते नको.

डीएनएचंही असंच आहे. फॉर्मलिनने डीएनएचे तुकडे होतात, नंतर कितीही धुतलं तरी नीट मिळत नाही. पुढे कधी डीएनए काढायचा असेल तर फॉर्मलिनमध्ये टाकण्याआधीच स्नायूचा छोटा तुकडा ९५ टक्के स्पिरिटमध्ये वेगळा ठेवायचा आणि दोन्हींना एकच नंबर द्यायचा. कडक स्पिरिट चालतं ते इथे.

मग सगळे सरळ स्पिरिटमध्येच का ठेवत नाहीत? एक कारण बडोद्याचं आहे. गुजरातमध्ये १९६० पासून दारूबंदी, त्यामुळे लॅबचं स्पिरिटसुद्धा परमिटवर, ठरलेल्या कोट्यात, कपाटाला कुलूप आणि रजिस्टरमध्ये मिलीमिलीचा हिशोब. फॉर्मलिनला ही कटकट नाही. त्यामुळे एका कॉलेजात मी असंही बघितलंय की स्पिरिट उडून लेव्हल खाली गेली की वरून साधं पाणी ओतून बरणी भरलेली दाखवायचे. स्पिरिट पाण्यापेक्षा लवकर उडतं, म्हणजे आधीच ७० चं ६० झालेलं, त्यात हे पाणी. कागदपत्रांचा त्रास मलाही होतो, तरी माझं म्हणणं हेच आहे की स्पिरिट मिळेना तर बरण्या कमी ठेवा, पण ज्या ठेवाल त्या नीट ठेवा.

काही प्राणी मात्र फॉर्मलिनमध्येच राहू द्यायचे. बेडकाची पिल्लं म्हणजे टॅडपोल, जेलीफिश, असले पाणीदार जीव स्पिरिटमध्ये गेले की चिरमुटून जातात. उलट खेकडे, झिंगे, किडे, गोगलगाई, स्पंज ह्यांना फॉर्मलिन दाखवायचंच नाही, थेट स्पिरिट. मासे, बेडूक, साप, पाली ह्यांचं आधी फॉर्मलिन, मग पाण्याने दोन-तीन दिवस धुणं, मग ३० टक्के, ५० टक्के, ७० टक्के असं पायरीपायरीने. एकदम ७० मध्ये टाकलं तर पाणी इतक्या जोरात ओढलं जातं की कातडी सुरकुतते. गर्दी पण नको, बरणीत लोणच्यासारखे ठासून भरलेले मासे स्वतःच्याच पाण्याने स्पिरिट पातळ करतात.

आता पहिल्या प्रश्नाकडे. वास घेऊन ओळखायचं नाही हे आधी सांगते, फॉर्मल्डिहाइड कॅन्सर करतं असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने (आयएआरसी) २००४ मध्येच जाहीर केलंय, आणि आमच्या लॅबमधल्या काकांचं आयुष्य झाकण उघडून हुंगण्यात गेलं. वजन करा. मेजरिंग सिलिंडरमध्ये १०० मिली द्रव घ्या, रिकाम्या सिलिंडरचं वजन वजा करा, खिडकी उघडी, ग्लोव्ह्ज घातलेले. शंभर-एकशे एक ग्रॅम भरलं तर फॉर्मलिन, किंवा कोणी नुसतं पाणी ओतलेलं. ८८-८९ भरलं तर ७० टक्के स्पिरिट. ९३ च्या आसपास आलं की स्पिरिट उतरून ५० वर आलंय, आता बदला. द्रवाची घनता मोजणारा हायड्रोमीटर असेल तर उत्तम, पण काटा प्रत्येक लॅबमध्ये असतोच. फॉर्मलिन निघालं तर त्यात पीएच पट्टी (अॅसिड ओळखायची कागदी पट्टी) बुडवा, अॅसिडिक निघालं तर बरणी त्याच आठवड्यात हाती घ्या. आणि नुसतं पिवळं पडलंय म्हणून घाबरू नका, स्पिरिट प्राण्याची चरबी विरघळवतं, त्याने रंग येतो.

स्पिरिटची एक भीती खरी आहे. ७० टक्के स्पिरिटची वाफ साधारण १७ अंशालाच पेट घेऊ शकते आणि बडोद्यात मे महिन्यात पारा ४२ ला जातो. साओ पाउलोच्या बुटांतान इन्स्टिट्यूटमध्ये मे २०१० च्या आगीत हजारो सापांचा संग्रह एका सकाळीत गेला. बरण्या उन्हापासून लांब, वायरिंग तपासलेलं, झाकणं घट्ट. काचेच्या बुचाला व्हॅसलीन लावलं तरी स्पिरिट उडणं बरंच थांबतं.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचं पाणी खालच्या मजल्यावर शिरलं तेव्हा खालच्या फळीवरच्या बरण्या शाबूत राहिल्या पण बाहेर चिकटवलेली लेबलं वाहून गेली. ज्यांच्या आत चिठ्ठी होती त्या ओळखता आल्या. आतल्या चिठ्ठीवर बॉलपेन नको, स्पिरिटमध्ये शाई उतरते, लेझर प्रिंटची अक्षरं पापुद्र्यासारखी सुटून तळाशी पडतात. पेन्सिल किंवा कार्बनची काळी शाई, जाड सुती कागद, आणि त्यावर द्रव कोणता, किती टक्के, कधी बदलला, हेही लिहायचं.

शिंपल्यांची बरणी मी धुऊन स्पिरिटवर घेतली, पायरीपायरीने, नऊ दिवस लागले. गेलेला चुना परत येणार नाही, पण तीन शिंपले अजून टणक आहेत. नवीन चिठ्ठी घातली आणि जुनी तिच्या मागेच ठेवली. अक्षर कोणाचं ते डिपार्टमेंटमध्ये कोणाला आठवत नाही, पेन्सिलने लिहिलेलं आहे, "पिरोटन, ओहोटी, १९७१" एवढं स्पष्ट वाचता येतं.