डिस्चार्ज बुकातला मेकॅनिक

‘एक्स्चेंजला नाव घातलंय’ हे वाक्य एका पिढीने इतक्यांदा उच्चारलं, की ती कचेरी सुशिक्षित बेकारांसाठीच जन्माला आली असावी असं वाटतं. प्रत्यक्षात एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज सुरू झालं ते जुलै १९४५ मध्ये, फौजेतून सुटून येणारे जवान आणि युद्धकामावरून कमी होणारे कामगार यांना पोटापाण्याला लावण्यासाठी. फाळणीनंतर निर्वासितांची नावं तिथे लागली आणि १९४८ च्या सुरुवातीला दार सगळ्यांना उघडलं. त्या पहिल्या रांगेत गाड्या दुरुस्त करायला शिकलेले जवानही उभे होते. फौजेतल्या मेकॅनिकला बाहेर काम मिळायला आज जी अडचण येते, तिचा उगम तिथवर जातो.

दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा भारतीय फौज दोन लाखांच्या आसपास होती. घोडदळाच्या पलटणी नुकत्याच घोडे सोडून गाड्यांवर येत होत्या आणि खेचर हे अजूनही भरवशाचं वाहन होतं. सहा वर्षांत फौज २५ लाखांच्या घरात गेली आणि तिच्याबरोबर लॉऱ्या, जीपा, ट्रॅक्टर, रणगाडे आले. ज्यांनी गावात एंजिन पाहिलं असेल ते फार तर पिठाच्या गिरणीचं, अशा पोरांच्या हातात पाने आले. सुरुवातीला दुरुस्तीचं काम ऑर्डनन्सकडे, म्हणजे सामानसुमान पुरवणाऱ्या खात्याकडेच होतं. वाळवंटातल्या लढाईने ब्रिटिशांना धडा मिळाला की भांडार सांभाळणं वेगळं आणि बंद पडलेली गाडी रात्रीतून उभी करणं वेगळं. त्यांनी १९४२ मध्ये दुरुस्तीसाठी स्वतंत्र कोअर, म्हणजे फौजेची वेगळी शाखा, काढली आणि १९४३ मध्ये भारतात तिची बहीण आली. हीच आजची ईएमई, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स अँड मेकॅनिकल इंजिनिअर्स. १५ ऑक्टोबर हा तिचा स्थापना दिवस. नावातल्या ‘इलेक्ट्रिकल’च्या जागी पुढे ‘इलेक्ट्रॉनिक्स’ आलं, पण गावाकडे अजून ‘आमचा पोरगा ईएमईत आहे’ एवढंच सांगतात.

युद्ध संपलं तेव्हा दोन गोष्टी एकाच वेळी बाजारात आल्या: युद्धाने तयार केलेले हात आणि युद्धातून उरलेल्या गाड्या. ‘डिस्पोजलचा माल’ हा शब्द तेव्हापासून आपल्या बोलीत आहे. लिलावात घेतलेली जीप, तिच्यावर पत्रा ठोकून केलेली टॅक्सी, लष्करी ट्रकच्या सांगाड्यावर चढवलेली लाकडी बॉडी हे त्या काळचे उद्योग. मुंबईत १९४७ मध्ये माझगावला जीपची जोडणी सुरू झाली, त्याच वर्षी वालचंद हिराचंदांच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून मोटारी बाहेर पडू लागल्या. १ जून १९४८ रोजी पुण्याहून नगरला एसटीची पहिली गाडी सुटली, ती बेडफर्ड होती. गाड्या वाढत होत्या, त्यांची नस ओळखणारी माणसं कमी होती आणि मोटार दुरुस्तीचं प्रमाणपत्र मागायची पद्धत अजून रुळायची होती. एंजिन उघडून दाखव, बसवून दाखव, चालू करून दाखव, एवढी परीक्षा पुरत असे. माझ्या मते फौजेतल्या मेकॅनिकला नागरी जगात इतकी सोपी वाट पुन्हा कधी मिळाली नाही.

ती वाट अरुंद झाली एका चांगल्याच गोष्टीमुळे. १९५० मध्ये केंद्र सरकारने ‘क्राफ्ट्समन ट्रेनिंग स्कीम’ आणली, म्हणजे आपलं आयटीआय. १९५६ मध्ये संस्थांचा रोजचा कारभार राज्यांकडे गेला आणि राष्ट्रीय पातळीवर प्रमाणपत्र देणारी परिषद उभी राहिली. १९६१ मध्ये अप्रेंटिस कायदा झाला. ‘मोटर मेकॅनिक’ हा आता नुसता धंदा राहिला नाही, ते प्रमाणपत्रावर छापायचं नाव झालं. सरकारी कारखाने, एसटी, नगरपालिका, पुढे खाजगी कंपन्या, सगळ्यांच्या जाहिरातीत ‘आयटीआय उत्तीर्ण’ ही ओळ स्थिर झाली. गंमत अशी, की ईएमईमध्ये साध्या शिपायाला शिपाई म्हणत नाहीत, ‘क्राफ्ट्समन’ म्हणतात. कुंपणाच्या आत आणि बाहेर शब्द एकच, पण आतल्या क्राफ्ट्समनचा कागद बाहेरच्या कारकुनाला वाचता येईना.

कुंपण हा शब्द मी उगाच वापरलेला नाही. पुण्यात मुळा नदीच्या दोन बाजूंना पाहा. खडकीत लष्कराचं ५१२ आर्मी बेस वर्कशॉप आहे, पलीकडे दापोडीला एसटीची मध्यवर्ती कार्यशाळा आणि मिलिटरी इंजिनिअरिंग कॉलेज, तिथून पुढे पिंपरीत टेल्को, म्हणजे आजची टाटा मोटर्स. काही किलोमीटरच्या पट्ट्यात तीन-चार पिढ्या हजारो माणसं तेलाने माखलेले हात धूत आली आहेत. पण एका फाटकातून दुसऱ्या फाटकात जाताना माणसाला आपली ओळख पहिल्यापासून सांगावी लागते.

कारण आतलं काम खरोखर वेगळं आहे. हे मान्य केल्याशिवाय बाहेरच्या मालकाला दोष देण्यात अर्थ नाही. फौजेत दुरुस्तीच्या पायऱ्या ठरलेल्या असतात. पलटणीबरोबर एक छोटी तुकडी असते, लाइट एड डिटॅचमेंट, बोलीत ‘एलएडी’. ती जागच्या जागी जमेल तेवढं करते. त्याहून मोठं काम फील्ड वर्कशॉपकडे. तिथे वेळ महत्त्वाचा, म्हणून गिअरबॉक्स गेला तर गिअरबॉक्स उघडत बसायचं नाही, अख्खा बदलायचा. काढलेला नग बेस वर्कशॉपला जाणार, तिथे त्याची ओव्हरहॉलिंग होणार. बंद गाडी म्हणजे ‘व्हीओआर’, व्हेइकल ऑफ रोड, आणि हा आकडा रोज वरती कळवावा लागतो. मेकॅनिकची सगळी हुशारी तो आकडा खाली आणण्यात. तेरा-चौदा हजार फुटांवर, पहाटे डिझेल गोठलेलं असताना, काफिला निघायच्या आत गाडी सुरू करणं ही कामगिरी कुठल्याही सर्व्हिस सेंटरमध्ये शिकवत नाहीत.

पण त्याला पार्टची किंमत ठाऊक नसते. पार्ट मागणीपत्रावर ऑर्डनन्समधून येतो. ‘ओरिजिनल टाकू की लोकल?’ हा प्रश्न त्याने वीस वर्षांत कुणाला विचारलेला नसतो. गिऱ्हाइकाला खर्चाचा अंदाज देणं, घासाघीस करणं, तीन हजारांत भागवायचंय म्हणून जुनीच प्लेट घासून बसवणं, शेजारच्या लेथवाल्याकडून बुश करून आणणं ही गॅरेजची विद्या आहे आणि ती गॅरेजातच येते. माझ्या ओळखीचे एक हवालदार सेवानिवृत्तीनंतर वर्षभर एका हायवेवरच्या गॅरेजात होते. मालक त्यांच्या हातावर खूश, हिशेबावर नाराज. ‘काका, तुम्ही काम नऊ आणे सांगितलं तरी सोळा आणे करता,’ असं म्हणायचा. काका खोललेला प्रत्येक बोल्ट ट्रेमध्ये क्रमाने मांडून ठेवत, जुना गॅस्केट कधी परत वापरत नसत, आणि गाडी सोडताना सही मागत. सही कुणाची, कशावर, हे गिऱ्हाइकाला कळत नसे.

गाड्यांचाही फरक पडला. १९५९ पासून जबलपूरला जर्मन परवान्यावर ‘शक्तिमान’ ट्रक बनू लागला, जोडीला निसानचा वन टन ट्रक आणि जोंगा ही जीपसारखी गाडी. या गाड्या तीस-चाळीस वर्षं फौजेच्या पाठीचा कणा होत्या, पण बाहेरच्या रस्त्यावर टाटा आणि लेलँड धावत होते. ज्याने उमेदीची वर्षं शक्तिमानवर काढली त्याला बाहेर शक्तिमान भेटायचा तो फक्त लिलावातला, जंगलात लाकूड ओढणारा. पुढे लेलँडचा स्टॅलियन आणि टाटाचे ट्रक फौजेत आले तेव्हा दोन्हीकडची भाषा जरा जवळ आली. तेवढ्यात बाहेरची बदलली. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६, म्हणजे गाडीच्या धुराचे नवे कडक निकष, आले. नळीतला दाब बोटाने तपासणारा मेकॅनिक आता स्कॅनर लावून एरर कोड वाचतो. साध्या पंपावर हात बसलेल्या माणसाला हे शिकायला फार काळ लागत नाही, पण शिकवायला कुणी थांबत नाही.

सरकारने काही केलं नाही असं नाही. लष्करी ट्रेड कुठल्या नागरी व्यवसायाच्या बरोबरीचा, याच्या याद्या झाल्या. केंद्राच्या नोकऱ्यांत माजी सैनिकांना गट क मध्ये १० टक्के जागा आहेत, महाराष्ट्रात समांतर आरक्षण १५ टक्के आहे. मॅट्रिक होऊन १५ वर्षं नोकरी केलेल्याला गट क च्या पदांसाठी पदवीधराच्या बरोबरीचं मानतात. २०१३ च्या अखेरीस कौशल्यांची राष्ट्रीय श्रेणी आली आणि लष्करी ट्रेड त्या मापात बसवण्याचं काम सुरू झालं. पण बरोबरीची यादी दिल्लीला असते आणि अर्ज छाननी करणारा बाबू जिल्ह्याला. डिस्चार्ज बुकात, म्हणजे फौजेतून सुटताना मिळणाऱ्या पुस्तिकेत, ट्रेड लिहिलेला असतो, वर्तणूक ‘एक्झेम्प्लरी’, म्हणजे आदर्श, असते, आणि समोरचा विचारतो, ‘आयटीआय कुठून?’

मग सगळ्यात रुंद दार उरतं ते सुरक्षा रक्षकाचं. पुनर्वसन महासंचालनालयाकडे नोंदलेल्या सुरक्षा एजन्सी आहेत, आपल्याकडे मेस्को म्हणजे माजी सैनिक महामंडळ आहे. तिथे कागद जुळवत बसावं लागत नाही, ‘माजी सैनिक’ एवढं पुरतं. पगार वेळेवर होतो, गणवेश असतो, ओळखीची सलामी असते. ही कामं मिळतात यात वाईट काही नाही. पण एखाद्या कंपनीच्या गेटवर येणाऱ्या ट्रकांचे नंबर रजिस्टरात लिहिणारे काका, ट्रक थांबला की आवाजावरून ‘पुढचा नोझल गेलाय’ असं ड्रायव्हरला सांगतात, तेव्हा आतल्या मेंटेनन्स खात्यात माणूस हवा असल्याची नोटीस त्याच गेटवर लागलेली असते.

आता या जुन्या कोड्याला उलटा पीळ पडलाय. १४ जून २०२२ ला अग्निपथ योजना जाहीर झाली. चार वर्षं सेवा, चारातला एक कायम, उरलेल्यांना सुमारे ११ लाख ७१ हजारांचा सेवा निधी आणि एक कौशल्य प्रमाणपत्र. पेन्शन नाही आणि माजी सैनिकाचा दर्जाही नाही, म्हणजे वरच्या आरक्षणाचा दरवाजा त्यांना तसाच लागू नाही. २०२३ च्या भरतीपासून तांत्रिक शाखेसाठी आयटीआय आणि पॉलिटेक्निक झालेली मुलं घेण्यात येऊ लागली. पहिली तुकडी जानेवारी २०२३ मध्ये प्रशिक्षणाला गेली, तिची चार वर्षं २०२७ च्या तोंडावर पुरी होतात.

पुढच्या तुकड्यांमागून आयटीआयवाले बाहेर येऊ लागले की एकाच खुर्चीसमोर दोघं बसलेले दिसतील. एकाकडे आयटीआयचा कागद आधीपासून आहे, वय पंचविशीच्या आत, आणि प्रशिक्षणाचे महिने वजा जाता फौजेतल्या गाडीवर हात बसायला मिळालेली जेमतेम तीन-साडेतीन वर्षं. दुसऱ्याकडे चोवीस वर्षांचा हात आहे आणि पिशवीत प्लास्टिकच्या कव्हरमध्ये घातलेलं डिस्चार्ज बुक.