विनोदी ऐतिहासिक चित्रपुस्तके

विनोदी ऐतिहासिक चित्रपुस्तके : इतिहासातील राजे, सेनानी, राष्ट्राध्यक्ष, लोकनेते इत्यादींची ओळख गमतीदार प्रसंग व हास्यचित्रे यांतून मुलांना करून देणारा बालसाहित्याचा एक प्रकार. वाचकवर्ग साधारणतः ४ ते १० वर्षे वयाचा. पुस्तके बहुधा ३२ किंवा ४८ पानांची असतात. ही संख्या १६ पानी फर्म्याच्या (एका मोठ्या कागदावर एकत्र छापून घडी घातलेल्या पानांच्या गठ्ठ्याच्या) हिशेबातून आलेली आहे. नेत्याचे समग्र चरित्र या पानांत बसत नाही व बसवण्याचा प्रयत्नही केला जात नाही. एखादी सवय, एखादी फजिती, एखादा हट्ट निवडून त्याभोवती पुस्तक रचले जाते. सचित्र गंभीर चरित्रे, चौकटींची चित्रकथा (कॉमिक्स) आणि ऐतिहासिक व्यक्ती केवळ नावापुरत्या असलेल्या कल्पित गोष्टी हे तिन्ही प्रकार याला लागून असले, तरी येथे ते वेगळे मानले आहेत.

आरंभाचा प्रश्न : या प्रकाराचा आरंभ कोठे धरायचा याबाबत एकवाक्यता नाही. वाद तारखांचा कमी आणि व्याख्येचा अधिक आहे. चित्र, विनोद, बालवाचक आणि थोर व्यक्ती या चार घटकांपैकी ज्याला प्राधान्य द्यावे त्याप्रमाणे आरंभ १७व्या शतकापासून १९७०च्या दशकापर्यंत कोठेही सरकतो.

मुलांसाठीच्या सचित्र पुस्तकांचा इतिहास सामान्यतः शिक्षणतज्ज्ञ कोमेनियसच्या ‘ऑर्बिस सेन्सुअ‍ॅलियम पिक्टस’ (न्यूरेंबर्ग, १६५८) या ग्रंथापासून सांगितला जातो. परंतु तो चित्रांच्या साहाय्याने शब्द व वस्तू शिकवणारा ग्रंथ आहे. प्रस्तुत प्रकाराशी त्याचा संबंध चित्र आणि मजकूर शेजारी मांडण्यापुरताच. फ्रान्समधील एपिनाल येथे पेलरॅं यांच्या छापखान्यातून निघालेल्या स्वस्त रंगीत चित्रपत्रांनी नेपोलियनची प्रतिमा घरोघरी नेली. ती मुलांच्याही हाती पडत असणार. मात्र त्यांचा सूर वीरपूजेचा होता.

दुसरा धागा आख्यायिकांचा. मेसन लॉक वीम्स याने लिहिलेले जॉर्ज वॉशिंग्टनचे चरित्र १८०० मध्ये प्रसिद्ध झाले. लहानग्या जॉर्जने चेरीच्या झाडावर कुऱ्हाड चालवून पुढे खरे सांगितल्याची गोष्ट त्यात पहिल्या आवृत्तीपासून नव्हती. ती १८०६ च्या पाचव्या आवृत्तीत आली, आणि तिला स्वतंत्र आधार सापडत नाही. स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट ब्रूस आणि पुनःपुन्हा धागा टाकणारा कोळी ही जोडीही रूढ झाली ती वॉल्टर स्कॉटने १८२८ मध्ये नातवासाठी लिहिलेल्या इतिहासकथांमुळे. या कथांनी मुलांना नेत्याच्या घरगुती बाजूची गोडी लावली हे खरे. पण त्यांचे प्रयोजन बोधाचे होते. हसवणे हा त्यांचा हेतू नव्हता.

विनोद हा निकष धरल्यास गिल्बर्ट अ‍ॅबट आ बेकेट याच्या ‘कॉमिक हिस्टरी ऑफ इंग्लंड’ (१८४७–४८) या ग्रंथाकडे जावे लागते. ‘पंच’ या साप्ताहिकातील व्यंगचित्रकार जॉन लीच याने त्याची चित्रे काढली. त्याच जोडीचा रोमवरील ग्रंथ काही वर्षांनी आला. त्यात प्राचीन रोमन माणसे लीचच्या समकालीन लंडनमधील उंच टोप्या घालून वावरतात. जुन्या पात्रांना आजचे कपडे व आजची उपकरणे देण्याची ही युक्ती पुढील चित्रकारांच्या कायमची कामी आली. मात्र शब्दांवरच्या कोट्यांनी भरलेला हा मजकूर मुलांसाठी लिहिलेला दिसत नाही. त्यामुळे या ग्रंथाला पूर्वज म्हणता येईल, आरंभ म्हणणे कठीण आहे.

जर्मनीत रिशर्ड क्नोटेल व कार्ल रोख्लिंग यांनी प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक याच्यावर ‘आबालवृद्धांसाठी ५० चित्रे’ अशा स्वरूपाचा रंगीत संग्रह १८९५ मध्ये काढला. म्हाताऱ्या राजाची खोडकर हजरजबाबी वृत्ती त्यात डोकावते. पण एकंदर मांडणी राजनिष्ठ व लष्करी आहे.

फ्रान्समधील ‘जॉब’ या टोपणनावाने ओळखला जाणारा चित्रकार झाक ओंफ्रुआ द ब्रेव्हिल (१८५८–१९३१) याचे स्थान अधिक महत्त्वाचे दिसते. ‘लहान मुलांचा थोर नेपोलियन’ या अर्थाच्या नावाचे त्याचे पुस्तक १८९३ मध्ये निघाले. वाचकवर्ग शीर्षकातच सांगितलेला, प्रत्येक पानावर चित्राला मजकुराच्या बरोबरीचे स्थान आणि विषय एक नेता, अशी तिन्ही लक्षणे येथे एकत्र येतात. १९०८ मध्ये जॉर्ज मोंतोरग्वेल याच्या मजकुरासह त्याने आणखी एक पुस्तक केले; त्यात दोन मुले आपल्या खेळण्यांच्या मदतीने फ्रान्सचा इतिहास रंगवतात. सिंहासनावरचा राजा येथे बाहुला आहे. नेत्याविषयीचा आदर शाबूत ठेवून त्याला मुलाच्या उंचीवर आणण्याची ही रीत या प्रकाराचा गाभाच म्हणावी लागेल. म्हणून, विनोद सौम्य असला तरी, आरंभाचा मान या दोन पुस्तकांना, विशेषतः दुसऱ्याला, देणे अधिक सयुक्तिक वाटते. मोरिस बूते द मोंव्हेल याचे ‘जान द आर्क’ (१८९६) चित्रकलेच्या दृष्टीने कदाचित सरस ठरेल. परंतु ते पूर्णतः गंभीर आहे.

अमेरिकेतील परंपरा बव्हंशी स्वतंत्र दिसते. इन्ग्री व एडगर पेरिन दोलेर या दांपत्याने शिळाछापाच्या तंत्राने चित्रे काढून वॉशिंग्टन (१९३६) व लिंकन (१९३९) यांच्यावर पुस्तके केली. त्यांपैकी लिंकनवरील पुस्तकाला चित्रपुस्तकांसाठीचे कॉल्डिकॉट पदक १९४० मध्ये मिळाले. त्यांत विनोद आहे तो चित्रांच्या कोपऱ्यांत. १९३९ मध्येच रॉबर्ट लॉसनने बेंजामिन फ्रँक्लिनचे श्रेय त्याच्या टोपीत राहणाऱ्या उंदराला देणारी कथा लिहिली. ती लांबीने व स्वरूपाने कादंबरीकडे झुकते; तरी नेत्याची गोष्ट त्याच्यापेक्षा लहान प्राण्याच्या तोंडून सांगण्याची पद्धत तिच्यामुळे लोकप्रिय झाली असावी.

जीन फ्रिट्झ व सप्रमाण विनोद : आजच्या रूपातील पुस्तकांवर सर्वाधिक छाप जीन फ्रिट्झ (१९१५–२०१७) हिची आहे. चीनमधील हांकौ येथे अमेरिकन मिशनरी कुटुंबात तिचा जन्म झाला. अमेरिकन स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीच्या सुमारास तिने त्या स्वातंत्र्यलढ्याच्या काळातील पॉल रिव्हिअर (१९७३), सॅम्युएल अ‍ॅडम्स (१९७४), पॅट्रिक हेन्री (१९७५), जॉन हॅनकॉक व बेंजामिन फ्रँक्लिन (दोन्ही १९७६) आणि इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज (१९७७) यांच्यावर पुस्तके लिहिली. सर्वांची शीर्षके प्रश्नार्थक आहेत. मार्गो टोम्स, ट्रिना शार्ट हायमन आणि टोमी डी पाओला हे तिचे प्रमुख चित्रकार.

फ्रिट्झचा नियम असा, की पात्राच्या तोंडी कल्पित वाक्य घालायचे नाही. पत्रे, रोजनिशा, समकालीन आठवणी यांत जे सापडेल तेवढेच अवतरणचिन्हांत घ्यायचे, आणि पानांच्या ओघात न मावणारे तपशील शेवटी टिपांत द्यायचे. हा नियम विनोदाला मारक ठरेल असे वाटते. प्रत्यक्षात उलट घडले. सॅम्युएल अ‍ॅडम्स घोड्यावर बसायला राजी नसे, हा एका पुस्तकाचा सबंध विषय आहे. त्याचा आधार चुलतभाऊ जॉन अ‍ॅडम्सच्या सप्टेंबर १७७५ मधील पत्रात मिळतो. काँग्रेसच्या (अमेरिकन वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेच्या) अधिवेशनाला जाताना त्याने सॅम्युएलला वाटेत घोड्यावर बसायला कसे भाग पाडले, दोन नोकरांनी त्याला वर कसे चढवले आणि खोगीर बोचू लागल्यावर फ्लॅनेलची विजार शिवून कसा इलाज केला, हे सारे जॉनने हौसेने लिहून ठेवले आहे. राज्यक्रांतीच्या ऐन धामधुमीतील हा मजकूर कोणत्याही कल्पित विनोदाहून सरस आहे.

हा नियम सर्वत्र सारखा टिकतो असे मात्र नाही. पॉल रिव्हिअर १८ एप्रिल १७७५ च्या रात्री ब्रिटिश सैन्य येत असल्याचा इशारा देण्यासाठी निघाला तेव्हा घोड्याला टाच देण्याचे काटे घरीच विसरला आणि त्याच्या कुत्र्याने ते आणून दिले, ही गोष्ट कौटुंबिक मौखिक परंपरेतील आहे. रिव्हिअरने स्वतः लिहिलेल्या वृत्तांतात ती नाही. मुलांना सांगताना तो ती रंगवून सांगत असावा. अशा गोष्टी वगळू नयेत, परंतु पत्रातील नोंदीच्या पंक्तीलाही बसवू नयेत.

चित्र व मजकूर : या पुस्तकांतील विनोद बहुधा दोहोंच्या विसंगतीतून येतो. मजकूर सरळ, तटस्थ असतो. चित्र पुढे जाऊन गोंधळ दाखवते. अजून वाचता न येणारे मूल त्यामुळे वाचून दाखवणाऱ्या मोठ्या माणसाच्या आधीच हसते. प्रचारातील युक्त्या थोड्याच आहेत : डोके मोठे व धड लहान, नेत्याशेजारी निर्विकार प्राणी, अनपेक्षित कोन, आणि मोठ्या माणसाचा चेहरा लहान मुलाच्या अंगावर. या शेवटच्या युक्तीचे प्रसिद्ध उदाहरण पुस्तकातील नसून अमेरिकन चित्रकार ग्रँट वुडच्या १९३९ मधील तैलचित्रातील आहे. त्यात चेरीच्या झाडाजवळ उभ्या असलेल्या बाल-वॉशिंग्टनला प्रौढपणीच्या प्रसिद्ध व्यक्तिचित्रातला चेहरा दिला आहे. २०१४ पासून ब्रॅड मेल्टझर व ख्रिस एलिओपूलोस यांच्या पुस्तकमालिकेत ही कल्पना कायमस्वरूपी झाली. तिच्यात लिंकन पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत लहान मुलाएवढाच राहतो.

जूडिथ सेंट जॉर्ज व डेव्हिड स्मॉल यांच्या ‘सो यू वॉन्ट टू बी प्रेसिडेंट?’ (२०००) या पुस्तकाला २००१ चे कॉल्डिकॉट पदक मिळाले. राजकीय व्यंगचित्राची रेषा बालपुस्तकात इतक्या मोकळेपणाने प्रथमच सन्मानित झाली, असे म्हणता येईल. पदावर असलेल्या व्यक्तींचा समावेश असल्याने अशा पुस्तकाला निवडणुकीगणिक जुने होण्याचा धोका असतो. याच्याही सुधारित आवृत्त्या काढाव्या लागल्या.

पुराव्याचा प्रश्न : अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष विल्यम हॉवर्ड टॅफ्ट (कार्यकाल १९०९–१३) न्हाणीच्या टबात अडकल्याची कथा या संदर्भात उद्‌बोधक आहे. तिच्यावर २०१४ मध्ये मॅक बार्नेट व ख्रिस व्हॅन ड्यूसेन यांनी चित्रपुस्तक केले. टॅफ्टचे वजन ३०० पौंडांहून अधिक होते. पनामा कालव्याच्या पाहणीला जाताना त्याच्यासाठी ‘नॉर्थ कॅरोलायना’ या युद्धनौकेवर खास टब बसवण्यात आला. त्याची लांबी ७ फूट १ इंच, रुंदी ४१ इंच आणि वजन सुमारे एक टन होते. त्यात चार माणसे बसलेले छायाचित्रही उपलब्ध आहे. येथपर्यंत सारे निश्चित. तो टबात अडकला, या भागाला मात्र समकालीन पुरावा नाही. त्याचा माग व्हाइट हाउसमधील एका कर्मचाऱ्याच्या १९३४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आठवणींपाशी थांबतो. पुस्तकाने ही दंतकथा पूर्ण रंगवली आहे आणि टबाविषयीची विश्वसनीय माहिती शेवटच्या टिपणात दिली आहे. ही विभागणी योग्यच. पण टिपण बारीक टायपात मागे असते आणि अडकलेला राष्ट्राध्यक्ष मोठ्या रंगीत चित्रात पुढे असतो, हेही लक्षात घ्यावे लागते. मुलाच्या मनात काय राहील हे उघड आहे.

याउलट, पक्का पुरावा असूनही गमतीदार ठरणारे प्रसंग दुर्मिळ नाहीत. ग्रेस बेडेल या ११ वर्षांच्या मुलीने ऑक्टोबर १८६० मध्ये लिंकनला पत्र लिहून दाढी वाढवण्याचा सल्ला दिला. लिंकनने चार दिवसांत उत्तर दिले आणि पुढे दाढी राखली. दोन्ही पत्रे उपलब्ध आहेत. लहान मूल स्वतःच ऐतिहासिक पात्र असल्याने हा प्रसंग चित्रपुस्तकांत वारंवार आला आहे.

विनोदाच्या मर्यादा : वॉशिंग्टनचे दात हा मुलांना हमखास हसवणारा विषय. १७८९ मध्ये तो राष्ट्राध्यक्ष झाला तेव्हा त्याचा एकच स्वतःचा दात उरला होता. त्याची कवळी लाकडी असल्याचा समज चुकीचा आहे. त्याच्या कवळ्यांत हस्तिदंत, पाणघोड्याचा दात, धातू व मानवी दात वापरलेले होते. २००३ मध्ये आलेल्या एका पद्यमय पुस्तकाने ही कहाणी सनावळी व अवतरणांसह नेटकी सांगितली. परंतु त्याच्या १७८४ च्या हिशेबात गुलामांकडून नऊ दात विकत घेतल्याची नोंद आहे. ते त्याच्याच कवळीत बसवले गेले की नाही हे निश्चित सांगता येत नाही. तरी ही नोंद ठाऊक झाल्यावर दातांची गंमत पूर्वीसारखी निर्मळ राहत नाही. वॉशिंग्टनच्या वाढदिवसासाठी केक करणाऱ्या हर्क्युलिस या गुलाम आचाऱ्यावरील चित्रपुस्तक जानेवारी २०१६ मध्ये प्रकाशकाने विक्रीतून मागे घेतले. चित्रांतील गुलाम हसतमुख दाखवल्याने त्यांच्या स्थितीचे खोटे चित्र उभे राहते, असा आक्षेप होता. प्रत्यक्षातील हर्क्युलिस १७९७ मध्ये पळून गेला. सत्ताधाऱ्याची फजिती हसण्याजोगी असते. त्याच्या ताब्यातील माणसे त्याच चित्रात हसरी दाखवली, की विनोदाचा रोख चुकतो. या प्रकारातील अनेक जुनी पुस्तके या कसोटीवर अपुरी पडतात.

व्यंगचित्राचा परिणाम किती काळ टिकतो याचे उदाहरण नेपोलियन. त्याची उंची सुमारे १६८ सेंमी., म्हणजे त्या काळच्या फ्रेंच माणसाच्या मानाने कमी नव्हती. ब्रिटिश व्यंगचित्रकार जेम्स गिलरे याने त्याला आदळआपट करणारा बुटका म्हणून रंगवले. फ्रेंच व इंग्रजी इंचांतील फरकानेही गैरसमजाला हातभार लावला. मुलांच्या पुस्तकांत नेपोलियन अद्याप बुटकाच आहे.

भारतातील स्थिती : भारतात अकबर–बिरबलाच्या चतुरकथांमुळे बादशहा मुलांना हास्यकथेतूनच प्रथम भेटतो, पण त्या कथांना ऐतिहासिक आधार फारसा नाही. व्यंगचित्रकार के. शंकर पिळ्ळै यांनी १९५७ मध्ये चिल्ड्रन्स बुक ट्रस्ट ही संस्था दिल्लीत स्थापन केली. अनंत पै यांची ‘अमर चित्र कथा’ १९६७ पासून सुरू झाली. तिच्यातील नेत्यांची चरित्रे चौकटींच्या चित्रकथेच्या स्वरूपात असून सूर प्रायः आदराचा आहे.