लोड फ्लो: प्लगच्या कपाटांपासून शून्यांच्या हिशेबापर्यंत

लोड फ्लो म्हणजे वीजजाळ्यात कुठे किती व्होल्टेज आहे आणि कुठून किती शक्ती वाहते याचा हिशेब, आणि बस म्हणजे त्या जाळ्यात वाहिन्या एकत्र येतात तो बिंदू. तीन बसचं लोड फ्लो गणित हाताने सोडवताना प्रत्येक विद्युत अभियंत्याला कधी ना कधी प्रश्न पडतो: ओहमचा नियम हाताशी असताना अंदाज धरत, सुधारत उत्तराकडे का सरकायचं? कारण उपकेंद्रावरचा प्रवाह आपल्याला आधी ठाऊक नसतो. ठाऊक असते ती मागणी, इतके मेगावॉट आणि इतके मेगाव्हार (प्रत्यक्ष काम न करता तारांत ये-जा करणाऱ्या शक्तीचं माप). शक्ती म्हणजे व्होल्टेज आणि प्रवाहाचा गुणाकार, आणि व्होल्टेजच तर शोधायचं असतं. शिवाय तारांमध्ये किती वीज वाया जाईल हेही उत्तर हाती आल्यावरच कळतं. म्हणून एका जनित्राच्या बसवर उरलेला सगळा हिशेब सोपवतात. तीच स्लॅक बस.

संगणक नव्हते तेव्हा अभियंत्यांनी जाळ्याची छोटी प्रतिकृतीच बांधली. १९२९ मध्ये एमआयटी आणि जनरल इलेक्ट्रिक यांनी मिळून एसी नेटवर्क अॅनालायझर उभारला. हॅरोल्ड हेझन यांचा त्यात मोठा वाटा. मैलोन्‌मैल लांबीची वाहिनी तिथे रोधक, कॉइल आणि कपॅसिटर यांत मावायची. प्लग जोडायचे, एक जनित्र जुळवायचं, तेवढ्यात दुसरं ढळलेलं असायचं. ते पुन्हा जुळवायचं. अंदाज आणि सुधारणेची आवर्तनं तेव्हाही होती, फक्त ती माणसाचे हात करत होते.

१९५६ मध्ये वॉर्ड आणि हेल यांनी हेच काम डिजिटल संगणकावर मांडलं. शेजारच्या बसवरून प्रत्येक बसचं व्होल्टेज सुधारत जाणाऱ्या या पद्धतीला मेमरी कमी लागे. पण जाळं वाढलं की आवर्तनं वाढत, आणि कधी उत्तर जुळतच नसे.

समीकरणं सोडवण्याची न्यूटनची पद्धत थोड्याच आवर्तनांत उत्तर देते, हे १९६१ मध्ये व्हॅन नेस आणि ग्रिफिन यांनी दाखवलं. अडचण मेमरीची होती. हजार बसच्या जाळ्याचा अॅडमिटन्स मॅट्रिक्स, म्हणजे कोणती बस कोणाशी किती जोडलेली आहे याचा तक्ता, दहा लाख घरांचा. पण एकेक बस जेमतेम तीन-चार शेजाऱ्यांना जोडलेली असते, म्हणजे भरलेली घरं साधारण चार-पाच हजार आणि बाकी सगळी शून्यं! माझ्या मते या इतिहासातली सर्वांत सुंदर गोष्ट इथे घडली. अमेरिकेतल्या बॉनव्हिल पॉवर अॅडमिनिस्ट्रेशनमधले विल्यम टिनी आणि त्यांचे सहकारी या शून्यांच्या मागे लागले. समीकरणं सोडवताना रिकाम्या घरांत नवे आकडे भरत जातात. कमी जोडण्यांच्या बस आधी हातावेगळ्या केल्या, तर ही भर आटोक्यात राहते. १९६७ च्या टिनी आणि हार्ट यांच्या शोधनिबंधानंतर न्यूटनची पद्धत मोठ्या जाळ्यांसाठी रुळली. गणित जुनंच होतं. पण जाळं विरळ आहे, याचा फायदा कुणीतरी नेटाने उचलला.

१९७४ मध्ये स्टॉट आणि अल्साच यांनी मेगावॉटचा संबंध मुख्यतः फेज कोनाशी (एका बसवरची एसी लहर दुसरीच्या किती पुढे-मागे आहे त्याच्याशी) आणि मेगाव्हारचा व्होल्टेजशी, हे धरून गणित दोन भागांत तोडलं. यातून आलेल्या फास्ट डीकपल्ड पद्धतीमुळे एकेक वाहिनी बंद पडल्याचं गृहीत धरून शेकडो वेळा लोड फ्लो चालवणं नियंत्रण कक्षाच्या आवाक्यात आलं.

भारतात हे गणित एका संध्याकाळी मोठं झालं. तोवर दक्षिणेचं ग्रिड उर्वरित देशाशी भद्रावतीसारख्या एचव्हीडीसी (उच्च व्होल्टेजच्या डीसी) जोडण्यांनी सांधलेलं होतं. त्यांतून शक्ती जाते, पण दोन्हीकडचे फेज कोन एकमेकांना बांधले जात नाहीत. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ७६५ केव्ही वाहिनी सुरू झाली, आणि काश्मीर व कन्याकुमारी एकाच स्लॅक बसच्या हिशेबात आले.