चोरलेला आशीर्वाद इसहाकाने मागे का घेतला नाही?

बायबलच्या पहिल्या पुस्तकातली, म्हणजे उत्पत्तीच्या २७व्या अध्यायातली फसवणूक बहुतेकांना ठाऊक असते. दृष्टी अधू झालेला बाप इसहाक, केसाळ थोरल्या भावाचा आशीर्वाद लाटायला हातांना आणि मानेला करडांची कातडी गुंडाळून त्याच्यापुढे ताट धरणारा धाकटा याकोब, आणि शिकार घेऊन उशिरा पोचलेला तो थोरला, एसाव. भाष्यकारांची खरी अडचण मात्र त्यानंतर सुरू होते. सोंग उघडे पडते, म्हातारा थरथर कापतो आणि त्याच दमात म्हणतो की मी त्याला आशीर्वाद दिला आहे आणि तो आशीर्वादितच राहणार. एसाव ऊर फुटेस्तोवर रडतो, ‘तुमच्याकडे एकच आशीर्वाद होता का?’ असे विचारतो, पण इसहाक आपला शब्द फिरवत नाही. दोन हजारांहून अधिक वर्षे वाद चालू आहे तो या न फिरवण्यावर.

या घराण्यात लबाडी याकोबापासून सुरू झालेली नाही. इसहाकाचा बाप अब्राहाम याने मिसरमध्ये, म्हणजे इजिप्तमध्ये, आपली बायको सारा हिला बहीण म्हणून सांगितले आणि मेंढरे, गुरे, उंट, दासदासी असा ऐवज पदरात पाडून तो तिथून निघाला. गरार या गावी त्याने तेच पुन्हा केले, आणि राजाने जाब विचारल्यावर ‘बापाकडून ती माझी बहीणच लागते’ असा बचावही त्याच्याकडे तयार होता. पुढे इसहाकाने त्याच गरारात आपली बायको रिबका हिच्याबद्दल तेच सांगितले. एकच गोष्ट तीनदा का, यावर १९व्या शतकापासून रूढ झालेले उत्तर म्हणजे वेगवेगळ्या परंपरा नंतर एकत्र शिवल्या गेल्या. आपल्या विषयापुरते एवढेच लक्षात घ्यायचे की तिन्ही वेळा खोटे बोलणाऱ्याला शिक्षा झाली नाही. पीडा आली ती मिसरचा राजा फारो याच्या घरावर, आणि त्या बिचाऱ्याला तर काहीच ठाऊक नव्हते.

याकोबाने नेमके काय चोरले, हेही वाटते तितके सरळ नाही. ज्येष्ठत्वाचा हक्क त्याने भुकेल्या एसावाकडून आधीच मसुरीच्या वरणावर मिळवला होता. तो मुख्यतः वाटणीचा मामला होता. बायबलमधल्या ‘अनुवाद’ नावाच्या नियमांच्या पुस्तकात, २१व्या अध्यायात, थोरल्याला दुप्पट वाटा सांगितला आहे, आणि आवडतीच्या मुलाला पुढे करून नावडतीच्या थोरल्याला डावलू नये अशी ताकीदही आहे. आशीर्वाद ही निराळी गोष्ट, आणि एसाव स्वतः दोन्ही वेगळी मोजतो: आधी माझा हक्क घेतला, आता माझा आशीर्वादही घेतला. सोंग घेऊन मिळालेल्या आशीर्वादात आकाशाचे दव आहे, सुपीक जमीन आहे, धान्य आणि द्राक्षारस आहे, भावांवर धनीपण आहे. देवाने करार करून अब्राहामाला दिलेले वचन, म्हणजे तो देश आणि ती संतती, त्यात कुठेच नाही. ते येते २८व्या अध्यायात, याकोब मामाच्या गावी निघताना. तेव्हा समोर कोण उभा आहे हे इसहाकाला पक्के ठाऊक आहे. करारातला जो भाग पुढे सर्वांत मोलाचा ठरला, तो याकोबाला कातडी न गुंडाळताच मिळाला.

हे दोन अध्याय वेगवेगळ्या लेखकांचे असल्याचे बहुतेक अभ्यासक मानतात. एकात याकोब भावाच्या भीतीने पळतो, दुसऱ्यात स्थानिक हित्ती लोकांतल्या सुना नकोत म्हणून बापच त्याला बायको शोधायला धाडतो. तरी ज्याने ते शेजारी ठेवले त्याने डोळे मिटून ठेवले असतील असे मला वाटत नाही.

आता मूळ प्रश्न. फसवून घेतलेला आशीर्वाद मागे का घेता आला नाही?

२०व्या शतकाच्या पूर्वार्धात एक उत्तर फार चालले: प्राचीन माणसाला उच्चारलेला शब्द ही एक शक्ती वाटे. ती एकदा सुटली की बोलणाऱ्याच्या हातात राहत नाही. आपल्याकडच्या वाचकाला हे पटकन पटते, कारण शाप मागे घेता येत नाही, फार तर उःशाप देता येतो, हे पुराणांतून अंगवळणी पडलेले असते. इसहाकाने एसावाला शेवटी जे दिले तेही जवळजवळ उःशापासारखेच आहे: तू भावाची चाकरी करशील, पण एक दिवस त्याचे जू मानेवरून झुगारून देशील. मात्र हिब्रू कथांमध्ये हा नियम सरसकट लागू होत नाही. बायबलमधल्या शास्ते या पुस्तकात एक आई आपली चांदीची १,१०० नाणी चोरणाऱ्याला शाप देते, चोर आपलाच मुलगा निघतो, आणि ती लगेच त्याला आशीर्वाद देऊन मोकळी होते.

दुसरे उत्तर उत्तर इराकच्या मातीतून आले. किर्कुकजवळच्या नुझी येथे १९२५ ते १९३१ या काळात उत्खनन झाले आणि इ.स.पू. १५व्या-१४व्या शतकातल्या हजारो मातीच्या पाट्या सापडल्या. एका पाटीवर तीन भावांचा खटला आहे. आजारी बापाने अंथरुणावरून धाकट्याचा हात धरला आणि म्हणाला, तुझ्या भावांना बायका आहेत, तुला नाही, तेव्हा ही दासी मी तुला बायको म्हणून देतो. भावांनी हरकत घेतली, धाकट्याने साक्षीदार आणले, आणि न्यायाधीशांनी बापाचा तोंडी शब्द मान्य केला. दुसऱ्या पाटीवर एका भावाने वडिलोपार्जित बागेतला आपला वाटा तीन मेंढ्यांना दुसऱ्या भावाला विकला आहे. झाले! मृत्युशय्येवरचा शब्द कायद्याने बांधील आणि वरणावरचा सौदाही त्या काळाला धरून, असे पुढची दोन-तीन दशके पाठ्यपुस्तकांतून छापले गेले.

ही जुळणी फार ताणलेली होती. नुझीच्या खटल्यात कोणी कोणाला फसवलेले नाही, आणि निकाल साक्षीदारांच्या जोरावर लागला, शब्दाच्या पावित्र्यावर नाही. तीन मेंढ्यांना विकली गेली ती एक बाग, थोरलेपण नव्हे. १९७४ आणि १९७५ मध्ये लागोपाठ आलेल्या दोन पुस्तकांनी अब्राहाम, इसहाक, याकोब या मूळपुरुषांच्या कथा इ.स.पू. दुसऱ्या सहस्रकाला बांधणारे असे बरेच धागे तोडले. तरी नुझीचा दाखला प्रवचनांतून अजून ऐकू येतो.

त्याच १९७४ मध्ये एका इंग्रज अभ्यासकाने तिसरा मार्ग सुचवला. जादू बाजूला ठेवा, तो म्हणाला. काही वाक्ये बोलणे हेच कृत्य असते. लग्नात दिलेला होकार हे त्याचे ठळक उदाहरण. तो देण्याची रीत समाजात ठरलेली असते, पण त्याच पद्धतीने उलटे बोलून तो परत घेण्याची रीत नसते. इसहाकापुढे आशीर्वाद देण्याचा विधी होता, रद्द करण्याचा नव्हता. हे उत्तर आज बरेच मान्य आहे आणि ते नेटके आहे यात शंका नाही. पण लग्नाचेच उदाहरण घ्यायचे तर नवरा भलताच निघाला म्हणून लग्न रद्द ठरवणारे कायदे जगभर आहेत, आणि इथे नेमका माणूसच भलता होता.

मला स्वतःला बायबलमधल्या यहोशवा या पुस्तकाच्या ९व्या अध्यायातली गिबोन गावच्या लोकांची गोष्ट नुझीपेक्षा जवळची वाटते. शिळ्या भाकरी, ठिगळांचे जोडे आणि फाटके द्राक्षारसाचे बुधले दाखवून ते ‘आम्ही फार लांबून आलो’ असे भासवतात आणि देश जिंकायला आलेल्या इस्राएली लोकांकडून जीवदानाची शपथ पदरात पाडून घेतात. तीन दिवसांत कळते की हे तर शेजारी. लोक कुरकुरतात, पण सरदार म्हणतात की शपथ परमेश्वराच्या नावाने घातली आहे, आता यांना हात लावता येणार नाही. गिबोनकर वाचतात, मात्र जन्मभर लाकूडतोडे आणि पाणके होऊन राहतात. शब्द पाळला जातो आणि फसवणुकीची वसुलीही होते. रिबका याकोबाला सांगते त्यानुसार इसहाकाचा आशीर्वादही परमेश्वरासमोर द्यायचा होता.

वसुली तर याकोबाच्या बाबतीत चक्रवाढ व्याजाने होते. मामा लाबान लग्नाच्या रात्री ठरलेल्या धाकट्या मुलीऐवजी अंधारात थोरल्या लेआला पाठवतो आणि सकाळी ऐकवतो की आमच्याकडे थोरलीच्या आधी धाकटीला देण्याची रीत नाही. एका जुन्या ज्यू कथेत लेआ याकोबाला त्याहून सडेतोड उत्तर देते: गुरूला शिष्य असणारच, तुमच्या बापाने एसाव म्हणून हाक मारली तेव्हा तुम्ही ओ दिलीच होती ना? २० वर्षे राबल्यावर तो परततो तेव्हा भावापुढे सात वेळा जमिनीपर्यंत वाकतो आणि ५५० हून अधिक जनावरे भेट देतो. भाऊ तुझ्यापुढे वाकतील असे शब्द आशीर्वादात होते. एसाव मात्र त्याच्यापुढे एकदाही वाकत नाही. नंतर याकोबाचीच मुले त्याच्या लाडक्या मुलाचा, योसेफाचा झगा बकऱ्याच्या रक्तात बुडवून तो मेला असे भासवायला त्याच्यापुढे टाकतात. करडांची कातडी वापरून बापाला फसवणारा बाप बकऱ्याच्या रक्ताने फसतो.

म्हणजे मूळ कथेने याकोबाला सोडलेले नाही. इ.स.पू. ८व्या शतकातला संदेष्टा होशेयही त्याला सोडत नाही. भावाची टाच धरण्याची आठवण काढतानाच तो याकोबाला त्याच्या वागणुकीचे फळ मिळेल असे बजावतो. निर्दोष सोडण्याची घाई नंतरच्या वाचकांना झाली. इ.स.पू. दुसऱ्या शतकातल्या एका ज्यू ग्रंथाने ही कथा पुन्हा सांगताना ‘मी एसाव’ हे शब्दच गाळले; तिथे याकोब फक्त ‘मी तुमचा मुलगा’ म्हणतो. अरामी भाषांतराने ‘तुझा भाऊ कपटाने आला’ याच्या जागी ‘शहाणपणाने आला’ असे घातले. ११व्या शतकातल्या फ्रान्समधल्या एका थोर भाष्यकाराने ‘मी एसाव, तुमचा ज्येष्ठ पुत्र’ हे वाक्य मधे तोडले: ‘मी आहे, एसाव हा तुमचा ज्येष्ठ पुत्र.’ पुढच्या शतकात स्पेनमधल्या दुसऱ्याने असल्या खटपटींना वाऱ्यावरच्या बाता म्हटले आणि गरजेपोटी खोटे बोललेल्या थोर पुरुषांची यादीच दिली.

चर्चची पंचाईत वेगळी नव्हती. इ.स. ४२० च्या सुमारास उत्तर आफ्रिकेतल्या एका बिशपने कुठलेही खोटे क्षम्य नाही असा ग्रंथ लिहायला घेतला आणि त्याला याकोब आडवा आला. त्याने तोड काढली: हे खोटे नव्हे, हे गूढ, करडांची कातडी म्हणजे दुसऱ्यांची पापे अंगावर घेणे. त्याआधी नव्या करारातल्या रोमकरांस लिहिलेल्या पत्राने तर ‘थोरला धाकट्याची सेवा करील’ हे वचन उचलले, पण सोंगाचा उल्लेखच टाळला.

या सफाईमागे राजकारणही होते. एसाव म्हणजे शेजारच्या अदोम राष्ट्राचा मूळपुरुष, आणि इ.स.पू. ५८६ मध्ये यरुशलेम पडताना अदोमी खूश झाले हा राग स्तोत्रांत नोंदलेला आहे. बायबलमधल्या मलाखी या पुस्तकात देव ‘मी याकोबावर प्रेम केले, एसावाचा द्वेष केला’ म्हणतो तो या वैराच्या सावलीत. रोमी सत्तेखाली रब्बींच्या, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या लेखी अदोम म्हणजे रोम झाले, आणि रोम ख्रिस्ती झाल्यावर ख्रिस्ती जगही. चर्चने याच कथेत थोरला म्हणजे ज्यू आणि धाकटे म्हणजे आपण असे वाचले. दोघांनाही याकोबच व्हायचे होते. एसावाची भूमिका कोणालाच नको होती. उत्पत्तीतला एसाव मात्र धावत येतो, भावाच्या गळ्यात पडतो आणि रडतो. त्याच्या वाट्याला आलेली बदनामी मला या साऱ्या परंपरेतला सर्वांत मोठा अन्याय वाटतो.

याकोबाने आपले नाव खरे सांगून घेतलेला आशीर्वाद वेगळाच आहे. यब्बोक नदीच्या काठी एका अनोळखी पुरुषाशी रात्रभर झुंजल्यावर तो समोरचा नाव विचारतो, हा ‘याकोब’ म्हणतो, आणि त्याला इस्राएल हे नाव मिळते. कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंचा समाज स्वतःला बेने इस्राएल म्हणवतो तो याच नावावरून.

गेल्या काही दशकांत वादाचा रोख रिबकेकडे वळला आहे. ‘शाप लागला तर मला लागो’ म्हणणारी ती, थोड्या दिवसांसाठी म्हणून मुलाला दूर धाडणारीही तीच; पुढे दोघांची भेट झाल्याची नोंद नाही. याकोब आणि एसाव ही जुळी पोटात असताना ‘थोरला धाकट्याची सेवा करील’ हे देवाचे वचन तिला मिळाले होते. ते तिने नवऱ्याला सांगितले का, यावर मजकूर गप्प आहे. १३व्या शतकातल्या एका भाष्यकाराच्या मते तिने ते कधीच सांगितले नाही. तसे असेल तर इसहाक कापला तो देवाचा बेत त्याला त्या क्षणी पहिल्यांदा उमगला म्हणून. आणि त्याला आधीपासून माहीत असेल, तर त्या दिवशी देवाचे वचन डावलायला निघाला होता तो इसहाक, आणि आशीर्वाद मागे न घेणे ही त्याची शरणागती ठरते.