ड्राइव्ह दिसत नाही, डिस्क उघडत नाही: दुकानात येण्याआधी घरी काय बघावं

ग्राहकांसाठी माहितीपत्रक, दांडिया बाजार, बडोदा

"अहो, सीडी लागत नाहीये." आम्हाला येणारे बरेचसे फोन एवढ्याच वाक्याचे असतात. आम्ही विचारतो, ड्राइव्हचं चिन्ह दिसतंय का? पलीकडे शांतता. मग कुणीतरी आतून ओरडतं, "दिसतंय, पण उघडत नाही!" हे कळलं की अर्धं काम झालं, म्हणून हा कागद.

'धिस पीसी' उघडल्यावर डीव्हीडी ड्राइव्हचं चिन्हच नसेल, तर कॉम्प्युटरला ड्राइव्ह सापडलेला नाही. दोष केबल, वीज, सेटिंग, ड्रायव्हर (ड्राइव्ह चालवणारं विंडोजमधलं छोटं सॉफ्टवेअर) किंवा खुद्द ड्राइव्ह यांत आहे. चिन्ह आहे पण डिस्क घातली की नुसतं गोल चक्र फिरत राहतं, किंवा 'डिस्क घाला' असा निरोप येतो, तर ड्राइव्ह जागेवर आहे आणि डिस्क माउंट होत नाहीये. म्हणजे तिच्यावरचा मजकूर विंडोजला वाचता येत नाही. या दोन तक्रारींचे उपाय अगदी वेगळे आहेत, तेव्हा फोनवर आधी तेवढं सांगा.

चिन्हच नसेल तर

ट्रेचं बटण दाबून बघा. ट्रे बाहेर आला, तर ड्राइव्हला वीज पोचतेय आणि संशय डेटा केबलवर. ट्रे हललाच नाही, दिवाही लागला नाही, तर विजेची केबल सुटलेली किंवा ड्राइव्ह गेलेला. (आत डिस्क अडकली असेल तर कॉम्प्युटर बंद करून ड्राइव्हच्या तोंडावरच्या बारीक भोकात सरळ केलेली यूपिन घाला. ट्रे थोडा पुढे येतो, मग हाताने ओढता येतो. चाकूने उचकटू नका.)

मग कॉम्प्युटर रीस्टार्ट करून सुरुवातीलाच डिलीट किंवा एफ२ टपटप दाबत राहा, म्हणजे बायोस (विंडोजच्याही आधी चालू होणारा, मदरबोर्डमधला प्रोग्राम) उघडेल. तिथल्या यादीत ड्राइव्हचं नाव नसेल तर विंडोजचा काही संबंध नाही. हे ठळकपणे सांगायचं कारण असं की ड्राइव्ह दिसत नाही म्हणून अख्खं विंडोज फॉरमॅट करून घेतलेली मंडळी आमच्याकडे येतात. फोटो जातात, टॅलीचा डेटा जातो आणि ड्राइव्ह होता तसाच बेपत्ता.

कॅबिनेट उघडणार असाल तर आधी भिंतीवरचं बटण बंद करा, मग पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा आणि कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावा. आत ड्राइव्हच्या मागे दोन केबल दिसतील: अरुंद ७ पिनांची डेटाची, रुंद १५ पिनांची विजेची. दोन्ही काढून पुन्हा नीट बसवा. धूळ साफ करताना किंवा रॅम बदलताना यांतली एखादी अर्धवट निघते, आणि ते वरून बघून कळत नाही. तरीही ड्राइव्ह दिसला नाही तर डेटा केबलचं दुसरं टोक मदरबोर्डवरच्या (आतल्या मुख्य सर्किट बोर्डवरच्या) दुसऱ्या साटा पोर्टात, म्हणजे ही केबल बसते तशाच दुसऱ्या खाचेत, लावून बघा. जुन्या कॉम्प्युटरमध्ये रुंद चपटी आयडीई केबल असते. तिच्यावर दोन ड्राइव्ह असतील तर एकाचा जंपर (ड्राइव्हच्या मागच्या पिनांवरची छोटी टोपी) मास्टरवर आणि दुसऱ्याचा स्लेव्हवर हवा, किंवा दोन्ही केबल सिलेक्टवर. दोघेही मास्टर झाले की एक गायब, कधी दोन्ही.

अलीकडे एक तक्रार फार येते: "नवीन एसएसडी टाकली आणि डीव्हीडी ड्राइव्ह बंद पडला." (एसएसडी म्हणजे फिरती तबकडी नसलेली, वेगवान डिस्क.) ड्राइव्ह ठणठणीत असतो. बऱ्याच मदरबोर्डांवर एम.२ ची (पट्टीसारखी एसएसडी बसवायची) खाच आणि एखादा साटा पोर्ट एकाच वाटेवर असतात. खाचेत एसएसडी बसवली की तो पोर्ट आपोआप बंद होतो. ड्राइव्हची केबल शेजारच्या पोर्टात हलवली की काम झालं. कुठला पोर्ट बंद होतो ते मदरबोर्डच्या पुस्तिकेत छापलेलं असतं, म्हणून ती पुस्तिका टाकून देऊ नका.

कॉम्प्युटर रोज चुकीची तारीख दाखवत असेल तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपलाय. सेल संपला की बायोसच्या सेटिंग मूळपदावर जातात, आणि डिस्कशी बोलण्याची साटाची पद्धत बदलली तर विंडोज चालूच होत नाही. लोक समजतात हार्ड डिस्क गेली. नाण्याएवढा सेल बदलून सेटिंग पूर्ववत केली की कॉम्प्युटर चालू.

बायोसमध्ये ड्राइव्ह दिसतो पण विंडोजमध्ये नाही, असं असेल तर विंडोज बटण आणि एक्स एकदम दाबा आणि डिस्क मॅनेजमेंट उघडा. ड्राइव्ह तिथे असेल पण त्याला अक्षर नसेल, तर राइट क्लिक करून मोकळं अक्षर द्या. तिथेही नसेल तर डिव्हाइस मॅनेजर बघा. नावापुढे पिवळा त्रिकोण असेल तर तो ड्राइव्ह अनइन्स्टॉल करा आणि रीस्टार्ट करा, विंडोज त्याला नव्याने ओळखतं. तरीही कोड १९ किंवा ३९ येत राहिला, तर एखाद्या जुन्या सीडी बर्निंग सॉफ्टवेअरने रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगच्या वहीत) 'अपर फिल्टर' आणि 'लोअर फिल्टर' नावाच्या नोंदी मागे ठेवलेल्या असतात. त्या आम्ही काढून देतो. रजिस्ट्रीत स्वतः हात घालू नका.

चिन्ह आहे, पण डिस्क उघडत नाही

आधी दुसरी डिस्क घाला, शक्यतो कंपनीत छापलेली. ती चालली तर दोष पहिल्या डिस्कचा. मग सीडी आणि डीव्हीडी वेगवेगळ्या लावून बघा. सीडी ७८० नॅनोमीटरच्या लेसरने वाचली जाते आणि डीव्हीडी ६५० नॅनोमीटरच्या, त्यामुळे एक लेसर म्हातारा झाला तरी दुसरा चालू राहतो. सिनेमाची डीव्हीडी लागते पण एकही सीडी लागत नाही, असं असेल तर सीड्या फेकू नका, त्या दुसऱ्या ड्राइव्हवर चालतील. ब्लू-रे डिस्क डीव्हीडी ड्राइव्हवर चालणारच नाही.

डिस्क पुसायची ती मऊ सुती कापडाने, मधल्या भोकापासून कडेकडे, सरळ रेषेत. गोल गोल पुसलं की चरा डेटाच्या ओळीला समांतर जातो आणि ड्राइव्हला तो ओलांडता येत नाही. आपल्याकडे पावसाळ्यात बंद कपाटातल्या डिस्कवर पांढुरका थर चढतो, तो पाण्यात साबणाचा थेंब टाकून निघतो. थिनर, पेट्रोल, टूथपेस्ट यांतलं काही लावू नका. आणि एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते: सीडीची नाजूक बाजू वरची. चमकदार बाजूला १.२ मिलिमीटर जाड प्लास्टिक असतं, तर वरच्या छापील बाजूला डेटावर फक्त लाखेचा पातळ थर. बॉलपेनने तिथे 'ताईचं लग्न' असं दाबून लिहिलं की लग्नच खरवडलं जातं.

लग्नाच्या डिस्कबद्दल आणखी थोडं. हँडीकॅममधल्या ८ सेंटिमीटरच्या छोट्या डीव्हीडी, किंवा घरच्या रेकॉर्डरवर केलेल्या, पुष्कळदा 'फायनलाइझ' करायच्या, म्हणजे इतर यंत्रांना वाचता याव्यात म्हणून शेवटी बंद करायच्या, राहून गेलेल्या असतात. त्या मूळ यंत्रात दिसतात आणि कॉम्प्युटरला कोऱ्या वाटतात. तेच यंत्र घरात कुठे पडलं असेल तर शोधा, त्यात घालून फायनलाइझ करा. यंत्र भंगारात गेलं असेल तर डिस्क आमच्याकडे आणा. बऱ्याचदा चित्रण निघतं, दर वेळी निघत नाही. विंडोज 'डिस्क कोरी आहे, कशी वापरायची?' असं विचारेल, तेव्हा मात्र रद्द करा.

फाइली दिसतात पण सिनेमा चालत नाही, ही तक्रार बिघाडाची नसते. विंडोज ८ पासून डीव्हीडी सिनेमा दाखवण्याची सोय विंडोजच्या प्लेअरमधून काढून टाकली आहे. व्हीएलसी नावाचा प्लेअर टाका, फुकट आहे. जुन्या व्हीसीडीसाठीही तेच.

आता गाण्यांची सीडी. एक काका नाट्यगीतांच्या सीडीतल्या सगळ्या फाइली पेन ड्राइव्हवर कॉपी करून गाडीत लावायला गेले. गाडीत एक सूर निघेना. झालं असं की ऑडिओ सीडीवर फाइली नसतातच, नुसते ट्रॅक असतात. विंडोज आपल्या सोयीसाठी प्रत्येक ट्रॅकपुढे ४४ बाइटची एक सीडीए फाइल दाखवतं. ती म्हणजे दारावरची पाटी, घर नव्हे. गाणी 'रिप' करून, म्हणजे सीडीवरून कॉम्प्युटरवर उतरवून, एमपी३ करावी लागतात. लिनक्सवर (विंडोजऐवजी चालणारी दुसरी प्रणाली) हीच सीडी माउंट करायला गेलात तर चूक दाखवली जाते. तिथेही डिस्क चांगलीच असते, तिच्यावर माउंट करण्याजोगं काही नसतं इतकंच.

हार्ड डिस्कची गोष्ट वेगळी

'वापरण्याआधी फॉरमॅट करा' किंवा 'डिस्क इनिशियलाइझ करा' असा निरोप आला आणि आत तुमचं काही असेल, तर कॅन्सल. दोन्ही निरोपांचा अर्थ एवढाच की विंडोजला रचना वाचता आली नाही, डेटा बहुधा अजून जागेवर असतो. हो म्हटलंत की आमचं काम दुप्पट कठीण होतं आणि तुमचा खर्चही वाढतो. डिस्कमधून टक टक आवाज येत असेल तर लगेच बंद करा. विंडोजची 'चेक डिस्क' ही डिस्क तपासणीसुद्धा चालवू नका, कारण मरायला टेकलेल्या डिस्कला ते तासभर पळवतं. आधी कॉपी, मग दुरुस्ती.

एकाच कॉम्प्युटरवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी: लिनक्समधून विंडोजचा भाग माउंट होत नसेल किंवा नुसता वाचता येत असेल, तर विंडोजमधलं 'फास्ट स्टार्टअप' (लवकर चालू व्हावं म्हणून अर्धवट बंद होण्याची सोय) बंद करा आणि पूर्ण शटडाउन करा. बहुतेकदा तेवढंच पुरतं.

पुराचं पाणी शिरलं असेल तर

२०१९ च्या जुलैअखेर आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी कुठे कुठे शिरलं ते बडोदेकरांना सांगायला नको. कॅबिनेट जमिनीवर असेल तर पहिला फटका त्यालाच. भिजलेली हार्ड डिस्क चालू करून बघू नका, एकदाही नाही. बहुतेक हार्ड डिस्कना हवेसाठी बारीक भोक असतं, त्यातून गढूळ पाणी आत जातं. आतली तबकडी फिरली की वाचणारं टोक त्या गाळावर घासतं. उन्हात ठेवणं, तांदळात पुरणं, हेअर ड्रायर, सगळं टाळा. गाळ आत वाळला की चिकटतो. आहे तशी ओली डिस्क प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून आणा. सीडी-डीव्हीडी मात्र पाण्याला पुष्कळ सोसतात. कागदी पाकिटातून ओल्या असतानाच काढा, स्वच्छ पाण्याने धुवा, सावलीत उभ्या वाळवा.

नवीन घ्यायचा झाला तर

डेस्कटॉपच्या आतला डीव्हीडी रायटर दुरुस्त करत बसण्यात आता अर्थ नाही, असं आमचं मत आहे. बऱ्याच नव्या कॅबिनेटांत तो बसवायला जागाच नसते. यूएसबीचा बाहेरचा ड्राइव्ह घ्या आणि कॅबिनेटच्या मागच्या पोर्टात लावा. पुढच्या पोर्टाला कधी कधी पुरेशी वीज मिळत नाही आणि मग डिस्क फिरते, थांबते, फिरते. केबलला दोन यूएसबी टोकं असतील तर दोन्ही लावा. आतलाच बसवायचा हट्ट असेल तर बारीक आट्यांचे एम३ स्क्रू वापरा. हार्ड डिस्कचे जाड आट्यांचे स्क्रू त्यात पिळले की आटे जातात, मग ड्राइव्ह थरथरतो आणि डिस्क अडखळते.

दुकानात येताना हार्ड डिस्कची तक्रार असेल तर नुसती डिस्क आणली तरी चालेल. ड्राइव्ह दिसत नसेल तर कॅबिनेट आणा. मॉनिटर, कीबोर्ड, माउस घरीच राहू द्या. न उघडणारी डिस्क आणि तिच्यासोबत चालणारी एक डिस्क, दोन्ही आणा. स्क्रीनवर आलेल्या निरोपाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. आधी कुणाकडे दाखवलं असेल, काही फॉरमॅट झालं असेल, तर ते मोकळेपणाने सांगा, आम्ही रागावत नाही. नुसतं बघून सांगण्याचे पैसे घेत नाही. डेटा काढण्याचा खर्च डिस्क तपासल्यावर सांगतो, आणि तुम्ही हो म्हटल्यावरच कामाला हात लावतो.