भांडवलशाही आणि सचोटी : एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

‘प्रत्येकाने आपला स्वार्थ पाहावा, समाजाचे भले आपोआप होते’ हे मत अठराव्या शतकातला अर्थचिंतक ॲडम स्मिथ याच्या नावावर सर्रास खपवले जाते. असे काहीसे खरोखर म्हणणारा माणूस वेगळाच होता. बर्नार्ड मँडेव्हिलने १७१४ मध्ये मधमाश्यांच्या पोळ्याची रूपककथा पुस्तकरूपात आणली. तीत माश्या सद्गुणी होतात आणि पोळ्याची भरभराट संपते. स्मिथने १७५९ च्या नीतिविषयक ग्रंथात या मताचे खंडन केले. अर्थशास्त्रावरचा ग्रंथ आला तो १७७६ मध्ये. खाटीक आणि पाववाला उपकार म्हणून माल देत नाहीत, हे त्यातले म्हणणे सगळ्यांना ठाऊक असते. पण स्मिथच्या डोळ्यांपुढचा माणूस चार लोकांच्या नजरेत जगणारा, लोकलाज बाळगणारा होता, हे विसरले जाते.

कंपन्यांवर मात्र त्याचा भरवसा नव्हता. दुसऱ्यांचा पैसा हाताळणारे संचालक तो स्वतःच्या पैशाइतका जपणार नाहीत, असे त्याने त्याच ग्रंथात लिहून ठेवले. उदाहरणे ताजी होती. १७२० मध्ये ‘साउथ सी’ कंपनीच्या भागांच्या चढ्या भावाचा फुगा फुटला होता आणि १७७२ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीला सरकारच्या दारात कर्ज मागायला जावे लागले होते.

त्या काळी सचोटीमागे काय बळ होते, हे क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या व्यापाऱ्यांकडे पाहिले की कळते. पंथभेदामुळे इंग्लंडमध्ये त्यांना ऑक्सफर्ड-केंब्रिजची पदवी आणि सरकारी पदे बंद होती, म्हणून अनेकजण व्यापारात उतरले. बार्कलेज, लॉइड्स, कॅडबरी ही नावे त्याच घराण्यांतली. घासाघीस सर्वत्र रूढ असताना ते एकच भाव सांगत. यात श्रद्धा होतीच, पण नुसती श्रद्धा नव्हती. दिवाळे काढणाऱ्याला पंथ बहिष्कृत करू शकत असे. व्यापार बुडाला तर सोयरीक, प्रार्थनासभा, पत सगळेच जायचे. नीती आणि धाक यांची अशी घट्ट वीण पुन्हा क्वचितच दिसली.

माझ्या मते खरा सांधा बदलला तो ब्रिटनच्या १८५५ च्या मर्यादित दायित्वाच्या कायद्याने. तोवर भागीदारीतला धंदा बुडाला की भागीदाराचे घरदार लिलावात जाऊ शकत होते. आता भागधारकाचे नुकसान भागांच्या रकमेपुरतेच. कर्ज बुडवण्याची ही सोय आहे, अशी टीका तेव्हाही झाली. पण या सोयीवाचून मोठ्या उद्योगांना अनोळखी माणसांचे भांडवल मिळणे अवघड होते. १८९६ मध्ये, आपला धंदा कंपनीच्या नावे करणाऱ्या सालोमन या व्यापाऱ्याच्या खटल्यात ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायपीठाने यावर शिक्का मारला. २०,००७ पैकी २०,००१ भाग एकट्या सालोमनचे असूनही कंपनी त्याच्यापासून वेगळी व्यक्ती ठरली आणि कंपनीच्या देण्यांची जबाबदारी त्याच्यावर आली नाही. व्यक्ती उभी राहिली, पण तिला लोकलाज कुठून आणायची?

अमेरिकेत हा प्रश्न उलट्या बाजूने आला. हेन्री फोर्डला जादा लाभांश न वाटता नफा विस्तारात आणि मोटार स्वस्त करण्यात घालायचा होता. फोर्डच्या कंपनीचे भागधारक असलेले डॉज बंधू न्यायालयात गेले आणि १९१९ मध्ये मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की कंपनी मुख्यतः भागधारकांच्या नफ्यासाठी असते.

हीच बाजू अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमनने १९७० मध्ये एका लेखात मांडली. नफा वाढवणे हीच उद्योगाची सामाजिक जबाबदारी, एवढेच त्यातले उचलले गेले. त्याने घातलेली अट मात्र गळाली : कायद्यात आणि नैतिक रिवाजात असलेले समाजाचे मूलभूत नियम पाळून. म्हणजे नीतीचे ओझे कंपनीच्या खांद्यावरून काढणाऱ्यालाही ते कुणाच्या तरी खांद्यावर ठेवावेच लागले. हा रिवाज जपायचा कुणी, याचे उत्तर त्या लेखातून मिळत नाही.

पुढचा इतिहास परिचित आहे. हिशेबांतल्या घोटाळ्यामुळे २००१ मध्ये बुडालेल्या एन्रॉन या अमेरिकी ऊर्जा कंपनीकडे ६४ पानी आचारसंहिता होती. ऑक्टोबर २००८ मध्ये, आर्थिक संकटाच्या काळात, अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे माजी प्रमुख ॲलन ग्रीनस्पॅन यांनी अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे कबूल केले, की बँका स्वहितासाठी तरी भागधारकांचे रक्षण करतील हा आपला विश्वास ढासळला. २०१९ मध्ये ‘बिझनेस राउंडटेबल’ या अमेरिकी कंपनीप्रमुखांच्या संघटनेच्या निवेदनावर १८१ कंपनीप्रमुखांनी सह्या केल्या : कंपनी ग्राहक, कामगार, पुरवठादार आणि समाज यांचीही बांधील आहे. मात्र त्या निवेदनाला कायद्याचे बळ नव्हते. संचालक निवडण्याचा हक्क सह्यांनंतरही भागधारकांकडेच राहिला.